ऑपरेशनला किती, एवढंच विचारून भागत नाही

आमच्या घरात दोन वर्षांच्या आत पित्ताशयाची दोन ऑपरेशनं झाली. धाकट्या दिरांचं मिरजेत, पोटावर चीर देऊन. माझं पुण्यात, दुर्बिणीनं सुरू झालेलं आणि चीर देऊन संपलेलं. मी तासगावात एका पतसंस्थेत कॅशियर आहे, त्यामुळे कागद टाकून द्यायची सवय नाही. मेडिकलच्या चिठ्ठ्या, लॅबच्या पावत्या, विमा कंपनीची पत्रं, सगळं एका फाइलीत लावून ठेवलंय. ओळखीत कुणाच्या सोनोग्राफीत खडे निघाले की फोन आता मला येतो. प्रश्न ठरलेला: "दुर्बिणीचं करावं की साधं? फरक किती पडतो?"

मी लगेच आकडा सांगत नाही. हॉस्पिटलच्या काउंटरवर जे दोन आकडे ऐकायला मिळतात, ते फक्त बिलाच्या पहिल्या ओळी असतात. खालच्या ओळी नंतर भरल्या जातात, काही डिस्चार्जच्या दिवशी, काही घरी आल्यावर दोन महिन्यांनी.

भाऊजींचं आधी सांगते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीत जायची, तासा-दोन तासांनी थांबायची. लग्नसराईत जेवणावळी वाढल्या तशा कळाही वाढल्या. सोनोग्राफीत सात-आठ खडे दिसले. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, गल्लोगल्ली आहेत. दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी चीर देऊन करायचे ३८ हजार सांगितले, दुसरीकडे दुर्बिणीचे ६२ हजार. फरक २४ हजारांचा. द्राक्षबागायतदाराला सप्टेंबरात २४ हजार म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजवावं लागत नाही. छाटणी तोंडावर आलेली, कृषी केंद्रातली उधारी चढलेली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, खडे काढायचेत ना? टाके कुणाला दाखवायचेत मला?" चीर ठरली.

ऑपरेशन उत्तम झालं. पाच दिवस जनरल वॉर्डात होते, ना ताप आला ना जखमेत पू झाला. बिलात मात्र ३८ हजारांच्या खाली ओळी निघाल्या. त्या रकमेत सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, आणि वॉर्ड एवढंच होतं. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे, फिजिशियनचं फिटनेस, मेडिकलमधली औषधं, ड्रेसिंग आणि काढलेल्या पित्ताशयाची बायोप्सी मिळून आणखी १५,४०० झाले. हे पैसे दुर्बिणीलाही साधारण तेवढेच लागले असते, म्हणून त्यांबद्दल तक्रार नाही. मोठी ओळ पुढे होती.

डॉक्टरांनी सहा आठवडे जड उचलायचं नाही आणि ट्रॅक्टरवर बसायचं नाही असं बजावलं होतं. ऑपरेशन सप्टेंबरअखेर झालेलं. ऑक्टोबरात फळछाटणी, मग काडीला पेस्ट, फूट निघाली की विरळणी, आणि पाऊस-दव पडलं की डाउनी रोगाच्या भीतीनं फवारणीवर फवारणी. ब्लोअर स्वतः भाऊजी चालवायचे. सहा आठवडे ७०० रुपये हजेरीनं गडी ठेवावा लागला, बागेला रविवार नसतो, तेव्हा झाले २९,४००. दुर्बिणीनं झालं असतं तर त्यांच्यासारखा धडधाकट माणूस दोनेक आठवड्यांत कामाला लागला असता, म्हणजे गड्याचे ९,८०० गेले असते. आता बेरीज मांडा. चिरेचं ३८,००० अधिक १५,४०० अधिक २९,४००, म्हणजे ८२,८००. दुर्बिणीचं ६२,००० अधिक १५,४०० अधिक ९,८००, म्हणजे ८७,२००. काउंटरवरचा २४ हजारांचा फरक ४,४०० वर आला. जाऊबाई पाच रात्री वॉर्डात जमिनीवर झोपल्या, म्हशीचं दूध शेजारणीनं काढलं. त्याची ओळ कुठल्याच बिलात नाही.

म्हणून चीर देऊन करणं चूक, असं मी म्हणणार नाही. माणूस निवृत्त असेल, किंवा भरपगारी रजा शिल्लक असलेला नोकरदार असेल, तर त्याचे २४ हजार खरोखर वाचतात. हजेरीवर जगणारा, दुकान एकट्यानं चालवणारा, टेम्पोवाला, भाजीवाली यांचं गणित वेगळं. त्यांनी आधी आपल्या एका दिवसाची किंमत धरावी आणि मग हॉस्पिटलच्या आकड्याकडे बघावं. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचं सारही साधारण असंच आहे: जिवाच्या धोक्यात आणि एकूण गुंतागुंतीत मोठा फरक सापडत नाही, फरक पडतो तो हॉस्पिटलातल्या दिवसांत आणि पुन्हा हिंडू-फिरू लागण्यात. मोठ्या चिरेच्या जागी पुढे हर्निया होण्याची शक्यता असते, आणि झाला तर जाळी बसवायचं दुसरं ऑपरेशन. तेही मनात धरावं. काही सर्जन जेमतेम दोन इंचांच्या चिरेतून पित्ताशय काढतात. त्याचे निकाल दुर्बिणीच्या जवळपास जातात आणि महागडी यंत्रं लागत नाहीत. आपल्या गावात असा हात बसलेला कुणी असेल तर जरूर विचारावं.

दुर्बिणीचं महाग का, हे मला आधी कळत नव्हतं. चीर लहान, दिवस कमी, तरी पैसे जास्त कसे? पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, मग तीन-चार भोकांतून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारं आत जातात. कॅमेरा, पडदा, वायू सोडणारं यंत्र, प्रकाशाचा स्रोत हा सगळा संच महाग. लहान हॉस्पिटलात तो बऱ्याचदा स्वतःचा नसतो, बाहेरून येणारा सर्जन सोबत आणतो आणि त्याचा आकार वेगळा लागतो. पित्ताशयाच्या नलिकेला लावायच्या टायटेनियमच्या क्लिपा आणि भोकांत बसवायच्या नळ्या, म्हणजे ट्रोकार, यांचे पैसे आणखी. ट्रोकार धातूचे, निर्जंतुक करून पुन्हा वापरायचेही मिळतात आणि एकदा वापरून फेकायचेही. दोन्हींनी काम होतं, बिलात मात्र हजारोंचा फरक पडतो. आपल्या एस्टिमेटमध्ये कोणते धरलेत हे विचारायला लाजू नये.

दुर्बीण म्हणजे श्रीमंतांचं ऑपरेशन, हा समज मात्र काढून टाका. भारतातलं पित्ताशयाचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी दवाखान्यात झालं. डॉ. तेहेमतन उदवाडियांनी ते केलं. जर्मनीत एरिक म्यूए यांनी पहिलं केलं १९८५ साली, म्हणजे पाचच वर्षं आधी. त्याआधीची शंभर वर्षं, १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिलं पित्ताशय काढलं तेव्हापासून, चीरच होती. आज पुण्याचं ससून असो की मिरजेचं शासकीय रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या सरकारी रुग्णालयांत दुर्बिणीची ऑपरेशनं होतात. तिथे तारीख मिळायला वेळ लागतो, रांगा असतात, नातेवाइकाला कागद घेऊन पळावं लागतं. ज्यांना तातडी नाही आणि घरात एक माणूस मोकळा आहे, त्यांनी तिकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

आता माझं. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आम्ही दोघं आई-वडील आहोत, ३ लाखांपर्यंत. खडे सोनोग्राफीत दिसले होते, ऑपरेशन दिवाळीनंतर बघू असं घरात ठरलं होतं. दिवाळीआधीच एका रात्री कळ थांबेना, सकाळी डोळे पिवळे दिसले, हुडहुडी भरून ताप आला. खडा पित्ताशयातून सरकून मुख्य नलिकेत अडकला होता. हे झालं की एका ऑपरेशनाची दोन होतात. आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, मग तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढायचा आणि तिथे स्टेंटची बारीक नळी ठेवायची, याला ईआरसीपी म्हणतात. त्यानंतर पित्ताशय काढायचं. पहिल्या दिवशी दुर्बिणीच्या ऑपरेशनचे ९५ हजार सांगितले होते. शेवटचं बिल २,४६,००० झालं.

ते कसं, ते फाइल समोर ठेवूनच लिहिते. ईआरसीपी आणि स्टेंट ५५ हजार. ९५ हजारांचं पॅकेज दोन रुग्णांच्या खोलीचं होतं. मुलानं आईला आराम पडावा म्हणून सिंगल रूम घेतली, तशी तीच शस्त्रक्रिया १,१८,००० ची झाली. ही गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. खोली वरची घेतली की केवळ खोलीभाडं वाढत नाही, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटीचा आकार, सगळं त्या खोलीच्या दरानं लागतं. डॉक्टर तेच, टेबल तेच, हत्यारं तीच. दिवसाला ६,५०० ची खोली, आणि ५ हजारांच्या वरच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी.

पित्ताशय सुजून आजूबाजूला इतकं चिकटलं होतं की दुर्बिणीतून नलिका आणि रक्तवाहिनी वेगळी ओळखू येईना. सर्जननी दुर्बीण काढून चीर घेतली. त्याचे वाढीव २२ हजार, लांबलेल्या तीन दिवसांच्या खोलीचे १९,५००, औषधं आणि साहित्य ३१,५००. यातल्या चिरेबद्दल माझी काडीची तक्रार नाही. नातेवाईक म्हणाले, "दुर्बिणीचे पैसे घेतले आणि पोट फाडलं." मी म्हणते, त्या डॉक्टरांनी हट्टानं दुर्बिणीतूनच काम रेटलं असतं आणि मुख्य पित्तनलिका कापली गेली असती, तर आज हे लिहायला मी बसले नसते किंवा आणखी एका मोठ्या ऑपरेशनच्या रांगेत असते. ही दुखापत क्वचित होते, पण दुर्बिणीत ती चिरेपेक्षा थोडी जास्त होते, आणि एकदा झाली की तिची दुरुस्ती मोठी, लांबलचक आणि अतिशय महाग. वेळेवर चीर घेणारा सर्जन हुशार समजावा. मला राग आहे तो एवढाच, की "उघडावं लागलं तर बिल किती?" याचं उत्तर आम्हाला ओटीच्या दारात मिळालं, भरती होताना नाही.

विम्याचं पुढचं वाचा, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथे पडला. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. आम्ही समजत होतो की वरचे साडेतीन हजार आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही. ३,००० भागिले ६,५०० या प्रमाणात खोली, नर्सिंग, सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी हे सगळे खर्च कापले जातात. बिलातले १,८०,००० या सदरात बसले आणि त्यांतले ८३ हजारच मंजूर झाले. औषधं, साहित्य, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, पण उरलेल्या ६६ हजारांतून हातमोजे, प्रवेश फी अशा 'न देय' वस्तूंचे ९ हजार गेले. कंपनीनं दिले १,४०,०००. आम्ही भरले १,०६,०००. दोन खाटांची, ३ हजारांच्या आतली खोली घेतली असती तर वीस हजारांच्या आत सुटलो असतो. मला दुर्बिणीनं लुटलं नाही आणि चिरेनंही नाही, खोलीनं लुटलं.

म्हणून भरती होण्याआधी पॉलिसीत दोन गोष्टी शोधा. खोलीभाड्याची मर्यादा, आणि थांबण्याचा काळ. स्वतः काढलेल्या वैयक्तिक पॉलिसीत पित्ताशयाच्या खड्यांना बहुधा पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. खडे दिसल्यावर पॉलिसी काढून पुढच्या महिन्यात ऑपरेशन, हा विचार सोडून द्या. कंपनीच्या गट विम्यात ही अट बहुधा माफ असते, पण एचआरकडून लेखी घ्या. कॅशलेससाठी २०२४ पासून विमा नियामकाचा नियम आहे: पूर्वमंजुरीवर तासाभरात निर्णय, आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं तर हा नियम विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या टेबलावर शांतपणे बोलून दाखवा. आमच्या वेळी बोलून दाखवल्यावर फाइल हलली. आणि हो, भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतला खर्च बऱ्याच पॉलिसी देतात, म्हणून सोनोग्राफीची पावती, एमआरसीपीची पावती फेकू नका.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून ती आयुष्मान भारतशी जोडून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, वर्षाला ५ लाखांपर्यंत. भाऊजींचं ऑपरेशन त्याआधीचं, पण केशरी रेशनकार्ड असल्यामुळे ते तेव्हाही योजनेत बसत होते. त्यांनी निवडलेल्या हॉस्पिटलात योजना नव्हती. मागच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलात होती. टाके काढल्यावर कळलं. ही योजना कॅशलेस आहे, आधी खिशातून भरून मागाहून परत मागता येत नाही, त्यामुळे चौकशी भरतीपूर्वीच व्हायला हवी. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन त्याच्यासमोर बसा आणि पित्ताशयाचं ऑपरेशन इथे कोणत्या पॅकेजात होतं, दुर्बिणीनं की चिरेनं, हे स्पष्ट विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हॉस्पिटलच्या नावापुढे 'ट्रस्ट' किंवा 'फाउंडेशन' दिसलं की समाजसेवा विभागाची खोली कुठे आहे ते विचारा. तिथे कुणी आपणहून बोलवायला येत नाही.

माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी एक कोरा कागद देते आणि सर्जनकडून त्यावर आकडे लिहून आणा म्हणते. तोंडी आकड्याला अर्थ नाही. दुर्बिणीचे किती, चिरेचे किती, आणि दुर्बिणीनं सुरू करून उघडावं लागलं तर किती. सर्वसाधारण, दोन खाटांच्या आणि स्वतंत्र खोलीत हे आकडे किती बदलतात. भूलतज्ज्ञ, मदतनीस सर्जन, संचाचा आकार, क्लिपा, औषधं, बायोप्सी यांतलं काय आत आणि काय बाहेर. जास्तीच्या एका दिवसाचे किती. तुमच्या हातानं महिन्याला अशी किती ऑपरेशनं होतात आणि त्यांतली किती उघडावी लागतात, हेही विचारा. जो डॉक्टर "आमच्याकडे कधीच उघडावं लागत नाही" म्हणतो त्याच्यापेक्षा "अधूनमधून लागतं, आणि लागलं तर मी थांबत नाही" म्हणणारा मला जवळचा वाटतो. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी हॉस्पिटलांनी ठरावीक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. औषधं त्यांच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही, तपशीलवार बिल मागण्याचा हक्क आहे, आणि बिल थकलं म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. भांडायला जाऊ नका, पण माहीत असू द्या.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, यात आपल्याकडे उलटं चालतं. लोक रूम डिलक्स घेतात आणि बायोप्सीचे हजार-बाराशे वाचवतात. काढलेलं पित्ताशय तपासायला पाठवलंच पाहिजे. खड्यांच्या आड क्वचित कॅन्सर लपलेला असतो आणि तो तिथेच कळतो. ऑपरेशनआधी लिव्हरच्या तपासण्या आणि सोनोग्राफीत नलिकेची रुंदी नीट पाहणं यातही कंजुषी नको, कारण नलिकेत खडा आहे हे आधी कळलं तर खर्चाचा अंदाज खरा निघतो. फाटा द्यायचा तो रोबोटला. अलीकडे मोठ्या शहरांत साध्या पित्ताशयालाही रोबोटिक ऑपरेशन सुचवतात. खर्च बराच जास्त, आणि साध्या रुग्णाला त्यानं जास्त फायदा होतो असा पुरावा नाही.

काही वेळा तर ऑपरेशनच लागत नाही, आणि यात सगळे पैसे वाचतात. हल्ली हेल्थ चेकअपच्या पॅकेजात सोनोग्राफी असते, तिच्यात कधीही न दुखलेले खडे सापडतात आणि घाबरलेलं घर महिन्याभरात ऑपरेशन उरकून टाकतं. न दुखणाऱ्या खड्यांपैकी बहुतेक आयुष्यभर गप्प राहतात. फार मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत साठलेला चुना, वाढणारी गाठ, रक्ताचा एखादा आजार अशी कारणं असली तर गोष्ट निराळी. एरवी कारण विचारा, दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. त्याचे पाचशे-हजार सत्कारणी लागतात. पण एकदा दुखायला लागलं, जेवणानंतर कळा यायला लागल्या, की मग दिवाळी, छाटणी, मुलीचं लग्न यांच्यासाठी थांबू नये. शांत असलेलं पित्ताशय ठरवून काढणं आणि सुजलेलं घाईनं काढणं यांच्या खर्चात जेवढा फरक आहे, तेवढा दुर्बीण आणि चीर यांत नाही. काढे, लिंबू आणि तेलाचे डोस, "खडे पाडून देतो" म्हणणारे वैदू यांच्यावर गेलेला पैसा आणि वेळ मी याच हिशेबात धरते. मुतखडा लघवीतून पडतो, पित्ताशयातला खडा असा पडून जात नाही. सरकला तर नलिकेत अडकू शकतो, आणि मग काय होतं ते वर लिहिलंच आहे. डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला किंवा कळ पाच-सहा तास थांबलीच नाही, तर दर विचारत फिरायची ती वेळ नव्हे. जवळचं, सर्जन आणि ईआरसीपीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.

राहिली एक ओळ, जी कुठल्याच एस्टिमेटमध्ये नव्हती. ईआरसीपीत ठेवलेला प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. तो साधारण तीन महिन्यांच्या आत काढावा लागतो, नाहीतर बुजतो आणि पुन्हा कावीळ, पुन्हा ताप, पुन्हा भरती. माझा काढायला १२ हजार लागले. विम्याकडे पावती पाठवली, ते मंजूर झाले. डिस्चार्जच्या कागदावर स्टेंटचा उल्लेख इंग्रजीत, शेवटून दुसऱ्या ओळीत होता. तुमच्या घरात कुणाला स्टेंट बसला असेल तर काढायची तारीख डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर टाका. हॉस्पिटलचा फोन येईल म्हणून वाट पाहू नका.